तळटीप क्रमांक सतरा

वाक्य संपत होतं तिथे, पूर्णविरामाच्या खांद्यावर, चौकटी कंसात एक निळा आकडा बसला होता. मोहरीएवढा. मास्तुराने फोन नाकाजवळ नेला, मग चष्मा काढून पुसला, मग फोन पुन्हा नाकाजवळ नेला. सतरा. तिने त्यावर बोट टेकवलं. बोट आकड्यापेक्षा बरंच मोठं असल्यामुळे पहिल्या खेपेला सोळा उघडला, दुसऱ्या खेपेला अठरा, आणि शेवटी सतरा उघडला तेव्हा त्यातून काहीच निघालं नाही. नुसतं पांढरं पान, आणि त्यावर एक ओळ, की आपण शोधत असलेलं पान इथे नाही.

एवढंच झालं होतं. पण या मोहरीएवढ्या आकड्यापायी पुढे एक सरकारी चौकशी झाली, अख्ख्या गल्लीवर बंदी आली, आणि मास्तुराच्या नवऱ्याने एका अख्ख्या नदीखोऱ्याचं जंगल वाऱ्याच्या अंगावर ढकललं.

सगळं सुरू झालं भिंतीपासून. सतरा ऑगस्टला, इंडोनेशियाच्या स्वातंत्र्यदिनाला, पोन्तियानाक शहरातल्या गल्ल्यांची सजावटीची स्पर्धा असते, आणि सेराया गल्ली गेली कित्येक वर्षं तिच्यात उत्तेजनार्थ बक्षिसावर समाधान मानत आली होती. सेराया हे झाडाचं नाव. गल्लीत ते झाड उभं कुणीच पाहिलेलं नव्हतं; जुन्या मंडळींनी पाहिलं होतं ते आडवं, कारण गल्ली वसली तीच मुळी नदीकाठच्या प्लायवूड कारखान्यातल्या माणसांनी. कारखाना बंद पडून वीस-बावीस वर्षं झाली. माणसं राहिली.

यंदाचा विषय होता पर्यावरण. गल्लीप्रमुख पाक सुगियान्तो, म्हणजे सुगियान्तोराव, यांचं झेरॉक्सचं दुकान होतं, त्यामुळे छापील मजकुराबद्दल त्यांना उपजतच आदर होता. त्यांनी ठरवलं, की कोपऱ्यावरच्या लांब भिंतीवर डाव्या बाजूला धनेश पक्षी काढायचा, उजव्या बाजूला ओरांगउटान, आणि मध्ये मोठ्या अक्षरांत एक वजनदार, शास्त्रीय वाक्य. धनेश चांगला उतरला. ओरांगउटान पाक सुगियान्तोंच्या सासऱ्यांसारखा झाला, पण ते हयात नसल्यामुळे कुणी बोललं नाही. आणि वाक्य त्यांनी फोनवरच्या ज्ञानकोशातून उचललं, लान्तुंग खोऱ्यातल्या जंगलतोडीवरच्या लेखातून: ‘ऐंशीच्या आणि नव्वदीच्या दशकांत लान्तुंग खोऱ्यातलं निम्म्याहून अधिक जंगल नदीकाठच्या प्लायवूड कारखान्यांसाठी तोडलं गेलं.’ आणि शेवटी तो सतरा.

गल्लीच्या बैठकीत पाक सुगियान्तोंनी हे वाक्य वाचून दाखवलं. सगळे माना डोलवत असताना पाक लोंग म्हणाले, “वाक्य छान आहे. पण ते खरं आहे का, हे कुणी तपासलंय?”

पाक लोंग म्हणजे थोरले काका. त्यांचं खरं नाव दार्मावी, पण ते फक्त त्यांच्या वीजबिलावर उरलं होतं. कारखान्याच्या ओंडक्यांच्या तळ्यावर ते तीस वर्षं मुकादम होते; लान्तुंगमधून तराफे बांधून आलेला एकेक ओंडका त्यांच्या आकड्याखालून गेला होता. त्यांनी ‘छान आहे, पण’ म्हटलं, याचा अर्थ गल्लीत सगळ्यांना कळला. तिथे कुणी ‘नाही’ म्हणत नाही. ऐंशी वर्षांच्या ब्रह्मचाऱ्याला लग्न झालं का विचारलं तर तो ‘अजून नाही’ म्हणतो, आणि विचारणाराही त्याच्यासाठी आशा सोडत नाही.

गल्लीत मतदानही होत नाही. मतदान केलं की कुणीतरी हरतं, आणि हरलेल्या माणसाशी दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर बोलायचं काय? सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बसून राहायचं, किंवा ज्यावर कुणाचा संशय नाही अशा एका माणसावर काम सोपवायचं. सगळ्यांच्या नजरा मास्तुराकडे वळल्या. ती नळपाण्याच्या प्रयोगशाळेत पाणी तपासायची. ऑगस्टात नदी आटली, की समुद्र आत शिरतो, आणि पाणी किती खारट झालं हे शहराला मास्तुरा सांगायची. वीस वर्षांत तिचा आकडा एकदाही चुकला नव्हता. ती बोलायची कमी, त्यामुळे आकडेही मोजकेच असायचे.

“तू पाणी तपासतेस,” पाक सुगियान्तो म्हणाले, “हेही तपास. लेख भरवशाचा आहे की नाही, एवढंच सांग. एका शब्दाचं काम.”

मास्तुराने पाक लोंगकडे पाहिलं. ते तिच्याकडे पाहून हसले आणि तिला केळ्याची भजी पुढे केली. तिने ती हातातच धरून ठेवली. कारण असं, की मास्तुराचं घर ज्या जमिनीवर होतं ती दलदलीची. लग्नानंतर पहिल्या पावसाळ्यातच घर एका बाजूला इतकं कललं होतं, की ताटातलं वरण ताटाच्या एका काठाला जाऊन थांबायचं. तेव्हा पाक लोंगनी तराफ्यांवरून बेलियानचे बारा खांब आणून दिले होते. हे लाकूड पाण्यात सडत नाही; जितकं भिजेल तितकं टणक होतं. पुढे नवऱ्याचा, इदरुसचा पाय मोडला, तेव्हा महिनाभर पाक लोंग तिला रोज सकाळी आपल्या होडीतून नदीपार कामावर सोडत. त्याचा त्यांनी कधी उल्लेख केला नाही. उल्लेख केला असता तर बरं झालं असतं. निदान फिटल्यासारखं वाटलं असतं.

मास्तुराने काम घेतलं, घरी आली, आणि सतरा नंबरवर बोट ठेवलं. पुढचं सांगितलंच.

तळटीप मेली आहे, ही बातमी गल्लीत दुसऱ्या दिवशी पसरली आणि सल्ले सुरू झाले. इदरुस बँकेत होता, आणि बँकेतल्या माणसाला प्रत्येक गोष्ट भरवशाची आहे का हे ओळखण्याची एक खूण माहीत असते. त्याचं म्हणणं, लेख लांब आहे म्हणजे खरा आहे; खोटं बोलणारा माणूस इतका वेळ टिकत नाही. शेजारच्या चे मेइफोंग, म्हणजे मेइफोंगताई, ज्या सकाळी भाजी भरून वाफवलेले चायकुए विकत, त्यांचं मत याच्या बरोब्बर उलट होतं: मासेवाला जितका जास्त बोलतो तितका मासा शिळा. त्यांनी मास्तुराला लेखाचे कल्ले उघडून बघायला सांगितलं; ताज्या माशाचे लाल असतात. कल्ले म्हणजे काय, हे त्यांनाही नक्की माहीत नव्हतं, पण उपमा पाठ नव्हती, स्वतःची होती, म्हणून त्या तिच्यावर ठाम राहिल्या.

पाक सुगियान्तोंना मात्र तपासाची गरजच वाटेना. “आकडा कुठला आहे बघा ना. सतरा. स्वातंत्र्याचा आकडा. त्या लेखकाने मुद्दामच घातला असणार.” मास्तुराने त्यांना समजावलं, की सोळाच्या नंतर सतराच येतो, त्यात लेखकाचा काही हात नसतो. ते म्हणाले, “तेच तर. योगायोग नव्हे, हे नशीब आहे.”

पान मेलं असलं तरी तळटिपेत अहवालाचं नाव होतं: वनविद्येच्या एका शिक्षणसंस्थेचा जुना अहवाल. त्याची एक प्रत प्रांताच्या एका कार्यालयात असावी, असं मास्तुराला कळलं. तिथे जायचं तर ओळखपत्र हवं. गल्लीचं पत्र, त्यावर प्रभागाचं पत्र, त्यावर पेठेचं पत्र, प्रत्येकावर शिक्का. पाक सुगियान्तोंनी पहिलं पत्र स्वतः टाइप केलं. आत सविस्तर लिहिलं होतं, की सदर बाई ज्ञानकोशातल्या एका वाक्याची सत्यता पडताळण्याच्या उदात्त हेतूने येत आहेत. पण वर, विषयापुढे, त्यांनी जागा वाचवण्यासाठी एकच शब्द लिहिला: जंगलतोड.

कार्यालयातल्या कारकुनाने विषय वाचला, पत्ता वाचला, आणि विचारलं, तक्रार का? मास्तुरा म्हणाली, तक्रार नाही, मला फक्त खरं काय ते जाणून घ्यायचंय. कारकुनाने तिच्याकडे सहानुभूतीने पाहिलं. जाणून घेण्याचा रकाना त्याच्याकडे नव्हता. तक्रार, सूचना आणि कौतुक असे तीनच होते. त्याने तिच्या चेहऱ्यावरून कौतुक बाद केलं आणि तक्रारीत नोंदवलं.

त्यानंतर आठवडाभराने एक तरुण तपासनीस मोटरसायकलवरून सेराया गल्लीत आला आणि त्याने विचारलं, की इथे जंगलतोड कुणी केली.

सगळे कोपऱ्याकडे बघू लागले. कारण खरंच झाली होती. भिंत परीक्षकांना रस्त्यावरून नीट दिसावी म्हणून पाक सुगियान्तोंनी कोपऱ्यावरचं जुनं रांबुतानचं झाड महिन्यापूर्वीच तोडलं होतं. आणि ते गेल्याचं वाईट वाटू नये म्हणून भिंतीवर, ओरांगउटानच्या मागे, त्यांनी फळांनी लगडलेलं रांबुतानचं झाड रंगवून घेतलं होतं, खाली अक्षरं: झाडं वाचवा. तपासनिसाने बुंध्याकडे पाहिलं. मग भिंतीवरच्या झाडाकडे पाहिलं. मग अक्षरं वाचली. मग पाक सुगियान्तोंकडे पाहिलं, आणि कदाचित ओरांगउटानशी काही साम्य आहे का ते शोधलं.

“फार म्हातारं झालं होतं हो ते,” पाक सुगियान्तो म्हणाले. “आतून पोकळ. काही उपयोग नव्हता. आमच्या लग्नाच्या वर्षी लावलेलं.”

त्यांची बायको मागेच उभी होती. पुढचा आठवडा पाक सुगियान्तो चे मेइफोंगकडेच जेवले.

प्रकरण घरगुती पद्धतीने मिटलं. म्हणजे तपासनिसाला ओसरीवर बसवलं, कॉफी दिली, चे मेइफोंगनी कुचाईच्या पातीचे चायकुए वाढले, वर तळलेला लसूण, दुसऱ्यांदा वाढले, आणि त्याने लिहून घेतलं की एका झाडाच्या बदल्यात दोन रोपं लावली जातील. निघताना त्याने मास्तुराला, ‘बू’ म्हणजे बाई अशी आदराने हाक मारत, हळूच विचारलं, “बू, तुम्हाला नक्की हवं काय होतं?” तिने सांगितलं. तो म्हणाला, तो अहवाल आमच्या वाचनालयात कपाटावर पडलेला आहे, मी पानांचे फोटो पाठवतो. इतकी साधी गोष्ट त्या तीन शिक्क्यांनी झाली नव्हती. मास्तुराने चे मेइफोंगचे आणि त्यांच्या लसणाचे मनोमन आभार मानले.

पण फोटो यायला अवकाश होता, आणि त्या अवकाशात पाक सुगियान्तोंना ज्ञानकोशातलं ‘संपादन’ हे बटण सापडलं.

लेख कुणालाही बदलता येतो, हे कळल्यावर त्यांना पहिल्यांदा धक्का बसला, आणि मग जबाबदारीची जाणीव झाली. त्यांनी लेख नीट वाचला. त्यात त्यांना एक भयंकर उणीव दिसली. लेखाची सुरुवात सरळ नदीपासून होत होती. ना परमेश्वराचे आभार, ना मान्यवरांना अभिवादन. गल्लीतल्या पाणी भरण्याच्या वेळापत्रकाची सुरुवातसुद्धा त्यांनी कधी अशी केली नसती. लेखकाला कुणी शिकवलं नसेल, असं समजून त्यांनी लेखाच्या डोक्यावर लिहून टाकलं: ‘सन्माननीय राज्यपालसाहेब, सन्माननीय पेठप्रमुख, तसेच सेराया गल्लीतील माता-भगिनी आणि बंधूंनो, सर्वप्रथम आपण परमेश्वराचे आभार मानू या, की ज्याच्या कृपेने आपण आज निरोगी अवस्थेत जंगलतोडीबद्दल वाचू शकत आहोत.’

दहा मिनिटांत ते गेलं. त्यांना वाटलं, आपलंच बटण नीट दाबलं गेलं नाही. पुन्हा लिहिलं. पुन्हा गेलं. तिसऱ्यांदा त्यांनी उपराज्यपालांचंही नाव घातलं, कदाचित ते राहिल्यामुळे होत असेल म्हणून. या वेळी एक निरोप आला. पाठवणाऱ्याने स्वतःचं नाव ‘धनेश’ एवढंच लावलं होतं. निरोप सौम्य होता: आपल्या सहभागाबद्दल धन्यवाद, ज्ञानकोशातल्या लेखात अभिवादनाची गरज नसते, आपल्याकडे माहितीचा काही आधार असल्यास जरूर द्यावा.

पाक सुगियान्तो फोन घेऊन मास्तुराच्या दारात आले. अभिवादनाची गरज नसते, असं कुठल्या घरात शिकवतात, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं.

कदाचित इथेच थांबलं असतं. पण त्याच संध्याकाळी धनेशने चौथी गोष्ट पकडली. लान्तुंगचं निम्म्याहून अधिक जंगल ‘नदीकाठच्या प्लायवूड कारखान्यांसाठी तोडलं गेलं’ याऐवजी कुणीतरी ‘जोरदार वाऱ्यामुळे आपोआप पडलं’ असं करून ठेवलं होतं. गल्लीतले सगळे पाक सुगियान्तोंच्या दुकानातलंच इंटरनेट वापरत, आणि लेखाच्या दृष्टीने अख्खी गल्ली हा एकच माणूस होता. एकाच माणसाने आधी राज्यपालांना अभिवादन केलं होतं आणि मग जंगल वाऱ्याने पाडलं होतं. धनेशने त्या माणसाला महिनाभर बंदी केली.

बंदीची बातमी कळताच पाक सुगियान्तोंनी दुकान लवकर बंद केलं. ही गोष्ट पेठप्रमुखांच्या कानावर गेली तर उत्तेजनार्थही गेलंच. त्यांनी पोलिसांकडून गल्लीच्या चांगल्या वर्तणुकीचा दाखला काढून धनेशला पाठवावा का, असं मास्तुराला विचारलं. मास्तुराचं लक्ष नव्हतं. ती लेखाच्या बदलांच्या नोंदी बघत होती. वाऱ्याच्या त्या बदलासमोर, बदलाचं कारण लिहायच्या रकान्यात, बदलणाऱ्याने आपलं पूर्ण नाव लिहिलं होतं, कारण बँकेतला माणूस सही केल्याशिवाय काही करत नाही.

इदरुस स्वयंपाकघरात कांदा चिरण्याचं नाटक करत होता.

“वारा?” तिने विचारलं.

“मी म्हटलं, तुला सांगायला सोपं जाईल,” तो म्हणाला. “लेखातच तसं असलं की तुला पाक लोंगना काही बोलावं लागणार नाही. मी सकाळपासून विचार करत होतो, दोष कुणाला दिला तर कुणी रागावणार नाही. आधी वाळवी लिहिणार होतो.”

पंचवीस वर्षांच्या संसारात तिच्यासाठी कुणी एवढं मोठं खोटं रचलं नव्हतं, आणि इतकं वाईटही. तिला राग यायला हवा होता. तो येता येता वाटेत कुठेतरी विरघळला. तिने त्याच्या हातातली सुरी घेतली, उरलेला कांदा स्वतः चिरला, आणि चिरता चिरता तिच्या लक्षात एक गोष्ट आली.

प्रयोगशाळेत एखादी पद्धत भरवशाची आहे का हे पाहायचं असेल, तर ती कधी पद्धतीला विचारत बसत नसे. ती नमुन्यात स्वतःच्या हाताने मोजून मीठ टाकायची आणि पद्धतीला ते सापडतं का ते बघायची. सापडलं, तर पद्धत चांगली. आता या लेखात तिच्या शेजाऱ्याने आणि नवऱ्याने मिळून चार वेळा मीठ टाकलं होतं, तेही मुठीने. चारही वेळा ते सापडलं होतं, आणि सापडणाऱ्याने आवाजही चढवला नव्हता. तिने मागच्या नोंदी उघडल्या. धनेश गेली कित्येक वर्षं तिथे होता. कुणी आकडा फुगवला की तो काढायचा, कुणी शिवी लिहिली की पुसायचा, कुणी आधार दिला की आभार मानायचा. मेलेल्या सतरा नंबरशेजारीही त्याने केव्हाच लिहून ठेवलं होतं, की हे पान आता उघडत नाही, मूळ अहवाल कुणाकडे असल्यास कळवावं. हे करायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि कुणी बघतही नव्हतं. तो कुठे राहतो, बाई आहे की बुवा, काही कळायला मार्ग नव्हता. चे मेइफोंग म्हणत होत्या ते कल्ले हेच असावेत, असं मास्तुराला वाटलं. लाल होते.

दोन दिवसांनी तपासनिसाने पानांचे फोटो पाठवले. अहवालात ते वाक्य होतं. अगदी तेच नव्हतं: अहवाल म्हणत होता, की नदीपर्यंत ओंडके ओढून आणता येतील इतक्या अंतरातलं निम्म्याहून अधिक जंगल. लेखात ते अंतर गळालं होतं. बाकी सगळं तसंच. मास्तुराने कामाच्या ठिकाणाहून, जिथे बंदी नव्हती, तेवढे शब्द घातले, आधार दिला, आणि हात चोळत बसली. काही वेळाने फोन टिणकला. ‘धनेश यांनी आपले आभार मानले आहेत.’ ती इतकी लाजली, की शेजारच्या टेबलावरच्या बाईने तिला बरं वाटत नाही का म्हणून विचारलं.

म्हणजे आता तिला माहीत होतं. एका शब्दाचं काम उरलं होतं, आणि ते करायला ती त्याच संध्याकाळी पाक लोंगकडे गेली.

पाक लोंगनी तिच्यासाठी पुरावा काढून ठेवला होता. एक जुना फोटो, कडा पिवळ्या पडलेला. ओंडक्यांच्या तळ्यावर, तराफ्यावर, तरुण पाक लोंग कमरेवर हात ठेवून उभे. त्यांच्या मागे ओंडके, त्यांच्या मागे ओंडके, पलीकडच्या काठापर्यंत ओंडके.

“बघ,” ते म्हणाले. “हे एका महिन्याचे. आता तूच सांग, जिथून महिन्याला एवढं यायचं तिथलं जंगल कधी संपेल का? किती असेल ते!”

मास्तुराने फोटो उजेडाकडे धरला. सवयीने ती त्यात पाणी शोधत होती. नदीचा फोटो होता आणि त्यात पाणी दिसत नव्हतं. तिने तो फिरवून पाहिला, तरी दिसेना.

पाक लोंगनी कॉफीत साखर ढवळली, बराच वेळ ढवळली. मग म्हणाले, “शेवटी शेवटी तराफे उशिरा यायला लागले. ओंडके बारीक. मी वरच्या साहेबांना सांगितलं, की हे पोरांएवढे ओंडके कशाला आणता. ते म्हणाले, मोठे आता लांब आहेत.” मग फोटोकडे न बघता म्हणाले, “गल्लीतले सगळे माझं मन राखतील, पोरी. ते मला माहीत आहे. म्हणून तर मी तुझं नाव येऊ दिलं. मला एवढंच सांग. त्या वाक्यात मी चोर आहे का?”

आणि मास्तुराच्या तोंडून, वीस वर्षांत एकही आकडा न चुकलेल्या बाईच्या तोंडून, जन्माच्या सवयीने शब्द गेले: “अजून नाही.”

मग पाक लोंग हसायला लागले, इतके, की त्यांना ठसका लागला आणि मास्तुराला उठून त्यांची पाठ चोळावी लागली. ठसका थांबेपर्यंत बोलायची वेळ टळली होती. ती निघाली तेव्हा त्यांनी तिच्या हातात दुरियानचं एक काटेरी फळ दिलं, देठ बांधून. ते घरी नेताना तिला ते भलतंच जड लागलं. शेवटी धीर एकवटून ती आपल्या दारापासून परत गेली आणि तिने फक्त फोटो मागून घेतला. लेखाला चित्र हवं आहे, असं धनेशने लिहून ठेवलेलं तिने वाचलं होतं. पाक लोंगनी कशाला म्हणून विचारलं नाही.

सोळा तारखेला दुपार कलल्यावर गल्लीत चटया अंथरल्या. पलीकडच्या काठाकडे कुठेतरी उन्हाने वाळलेली दलदलीची जमीन आतून धुमसत होती आणि धुरामुळे सूर्य संत्र्यासारखा दिसत होता, पण भिंत छान दिसत होती. धनेश होता, सासरे होते, रांबुतान होतं. मध्ये पांढरी मोकळी जागा. रंगाचा डबा उघडून ठेवला होता. परीक्षक दुसऱ्या दिवशी सकाळी यायचे होते.

पाक सुगियान्तोंनी भाषण केलं. ज्ञानकोशाने नाकारलेलं सगळं अभिवादन त्यांनी या भाषणात वापरून टाकलं, उपराज्यपालांसकट. मग तुम्पेंग आणला, पिवळ्या भाताचा उंच सुळका, भोवती अंडी, तळलेली कोंबडी, काकडी. तो कापायचा मान दरवर्षी पाक लोंगचा. यंदा पाक सुगियान्तोंनी जाहीर केलं, की ज्यांनी गल्लीसाठी इतके कष्ट घेतले त्या बू मास्तुरा तुम्पेंग कापतील. पहिला शेंडा कापून ज्याचे उपकार सर्वांत मोठे त्याच्या हातात द्यायचा असतो. “आणि मग,” ते म्हणाले, “आपला निकालही सांगतील. म्हणजे रंगवायला घेता येईल. आज ‘अजून नाही’ चालणार नाही बरं का, रंग वाळायला रात्र लागते.”

मास्तुरा उठली. तिने सुरी आडवी फिरवली, शेंडा केळीच्या पानावर घेतला, त्यावर अर्धं अंडं ठेवलं, आणि चटईवरच्या गुडघ्यांमधून वाट काढत सरळ पाक लोंगसमोर जाऊन बसली. त्यांनी दोन्ही हात पुढे केले.

गल्लीने सुस्कारा सोडला. शेंडा पाक लोंगना, म्हणजे निकालही पाक लोंगच्या बाजूचा. न बोलता, न दुखवता, भाताने सांगून झालं. इदरुसच्या चेहऱ्यावर इतकं समाधान पसरलं, की आपण वारा उगाच घातला असं त्याला वाटलं असावं. पाक सुगियान्तोंनी रंगाच्या डब्याचं झाकण हातात घेतलं. सासऱ्यांच्या शेजारी आणखी एखादं माकड काढता येईल का, याचा ते विचार करत होते. चे मेइफोंग वाढायला उठल्या. आता फक्त पान सोडायचं होतं. मास्तुराने ते सोडलं असतं तर आयुष्यभर तिला कुणी काही विचारलं नसतं.

तिने पान सोडलं नाही. त्याची एक कड तिच्या हातात होती, दुसरी पाक लोंगच्या. तेही ओढत नव्हते. वाट बघत होते, जशी ते होडीत बसून वाट बघायचे, ती धक्क्यावर येईपर्यंत.

“शेंडा तुमचाच, पाक लोंग,” मास्तुरा म्हणाली. तिचा आवाज मोठा नव्हता, पण गल्ली गप्प होती. “आमचं घर तुमच्या बारा खांबांवर उभं आहे, आणि महिनाभर मला नदीपार तुम्ही नेलंत. हे मी कधी बोलले नाही, ते आज बोलते. तुम्ही चोर नाही.”

पान अजून दोघांच्या हातात होतं.

“आणि ते खांब लान्तुंगचे आहेत. लेख खरा आहे. भिंतीवर लिहू या.”